एकाच वळणाचं अक्षर

उत्तन, रविवार, १४ मार्च १९७६

प्रिय आनंदी,

माझी जाऊ सेलेस्टिन हे पत्र सुक्या बोंबलांच्या टोपलीत घालून आणते आहे. वास आला तर नाक मुरडू नकोस. आणीबाणीत टपालावर भरवसा नाही.

आधी धाकूची बातमी. तो अजून चौकीतच आहे, आज नववा दिवस. आपलं भित्तिपत्रक त्याच्या झोपडीत सापडलं ना! लिहिणाऱ्याचं नाव सांग, मग सोडतो, असं साहेब रोज म्हणतात. धाकूचं उत्तर ठरलेलं: "अक्षर वळखता आलं असतं, तर मिठात कशाला ऱ्हायलो असतो, साहेब?" चंपा हे सांगताना हसली आणि मग पदर तोंडात धरून रडली. नवऱ्याच्या पायांच्या भेगा चिघळल्यात म्हणाली.

त्या पत्रकासाठी मी चितारले ते हेच पाय, मिठागराच्या बांधावर बसून, तीन सकाळी. मला वाटायचं चेहरा काढणं अवघड. पण त्या पायांनी घाम फोडला. मजुरांना बूट हवेत, प्यायला पाणी हवं, म्हणून तू दोन वर्षं ओरडत होतीस आणि मी नुसती चित्रं काढत होते. तू खाली बोरूने लिहिलंस, "मीठ आमच्या पायांत, चव तुमच्या ताटात." मग ते चित्र माझं एकटीचं उरलं नाही. बरं झालं.

अजिंठा आठवतं? चौसष्ट साली. एसटीत दम्याने तुला जेरीस आणलं होतं, तरी पायऱ्या चढलीस. मी रंगांकडे बघत होते. तू विचारलंस, "बर्नी, चितारी रंगवत होता तेव्हा अंधारात दिवा कोण धरून होतं गं?" बारा वर्षं तो प्रश्न माझ्यापाशी आहे.

आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर क्लारा! आपल्या दोघींचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून तपासायच्या. माझा 'ल' तुझ्या 'ल'वर बसला नाही, की बोटांवर फटका. चाळीस वर्षं झाली, वळण काही गेलं नाही.

तू उद्या येऊन चौकीत हजर होणार, असा निरोप चंपाला आलाय. येऊ नकोस. तुझी ही छाती तुरुंगात एक पावसाळाही काढायची नाही. आणि बूट अजून मिळायचे आहेत. त्या कामाला चित्र काढणारी काय उपयोगाची? चर्चमधली मिस्सा झाल्यावर ह्युबर्टला सगळं सांगितलं. नवरा माझा, जाळं विणता विणता म्हणाला, "पवाला येत न्हाय, न् चालली वादळात." मग उठला आणि माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून दिला. आता भायंदरची बस येईल. चौकीत सांगणार आहे, चित्र माझं आणि ओळही माझीच. उपवासकाळात खोटं बोलते आहे. फादरना नंतर सांगेन. साहेब म्हणतील, लिहून दाखवा. दाखवीन. हे पत्र मुद्दाम बोरूने लिहिलंय. नीट बघ, अक्षर तुझं की माझं, तुला तरी सांगता येतंय का? बघून झालं की चुलीत घाल.

तुझीच,
बर्नडेट