कॅलेंडरवरचा दुसरा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

दिंडोशीच्या डॉक्टरीणबाईंनी आज विचारलं, "पाळीच्या आधी दम जास्त लागतो का?" मी पटकन नाही म्हटलं. शेजारी हे बसले होते ना! त्यांच्यासमोर पाळीचं काय बोलणार? "वाढलेलं वजन, हॉर्मोन्स, दोन्हींनी दमा बळावू शकतो. नीट आठवून सांगा," बाई म्हणाल्या.

घरी येऊन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. पाळी आली की मी त्यावर लाल ठिपका देते. दम्याचा पंप तोंडात मारला की फुली, संपायला आलाय ते कळावं म्हणून. दर महिन्याला ठिपक्याच्या आधी तीन-चार फुल्या! रोज याच्यासमोर चपात्या लाटते, तरी दिसलं नाही? आणि मी खोटं का बोलले?

उद्या एकटी जाऊन खरं सांगेन. पण माझं सोड. कालचा ठिपका माझा नाही. सईचा आहे, पहिलाच. बारा वर्षांची पोर, यंदा अंगाने किती सुटलीय. परवा म्हणत होती, "आई, जिना चढताना छातीत शिट्टी वाजते गं." मी हसून म्हटलं, "वडापाव कमी खा."

आत्ता परवाच्या चौकोनात फुली मारली. तिच्या नावाची पहिली.