ती मल्याळम नव्हती

नाना, त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जी बाई बोलते, तिची भाषा मल्याळम नाही. तुम्हाला ते ठाऊक होतंच. मला पक्कं कळलं ते तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, गेल्या महिन्यात.

तुम्ही आखातात फिटर म्हणून गेलात तेव्हा मी जळगावला अकरावीत होते. पत्र लिहायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून गावाकडे येणारा कुणी भेटला की त्याच्या हाती तुम्ही कॅसेट पाठवायचात. टेप शेजारच्या काकूंकडे होता. आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकायचो. तुम्ही आईला उद्देशून काही बोलू लागलात की काकू उगाच चहा टाकायला आत जायच्या. त्या खेपेला तुमचं बोलणं संपलं आणि आईने सवयीने कॅसेट उलटी केली. बराच वेळ नुसती खरखर. मग एक बाई हळू आवाजात काहीतरी बोलते, हसते, पुन्हा बोलते. आणि तिला उत्तर देणारा आवाज तुमचा, तिच्याच भाषेत. दोन-चार शब्द, पण न अडखळता. काकू म्हणाल्या, "भाऊंनी तिकडे शिकवणी लावली वाटतं." आई हसली. घरी येऊन तिने स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, स्वतः जेवली नाही.

पुढच्या कॅसेटमध्ये तिने तुम्हाला विचारलं. तुमचा निरोप आला की खोलीत केरळचा जोडीदार आहे, त्याच्या बायकोची जुनी कॅसेट होती, तिच्यावरच रेकॉर्ड केलं. भाषा मल्याळम, आणि तुमचा वाटतो तो आवाजही त्या जोडीदाराचाच. आईने दुसऱ्या दिवशी काकूंचा टेप पिशवीत घातला आणि मला घेऊन थेट दवाखाना गाठला, कारण तिथल्या एक नर्स केरळच्या होत्या. ड्रेसिंगच्या खोलीत उभ्या उभ्या त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "ये हमारा नहीं है. हम लोग पानी को वेळ्ळम बोलता है. इसमें कुछ समझ नहीं आता." आम्हाला फरक कळावा म्हणून त्या चार वाक्यं आपल्या भाषेत बोलल्या. त्यांची जीभ मागे वळत होती, आपला ळ जागोजागी येत होता, शब्द एकमेकांत गुंतून भराभर पुढे जात होते. कॅसेटमधल्या बाईचे शब्द छोटे, सुटे, आणि मधेच घशात आवाज अडवून तोडल्यासारखे. आईला अहिराणी आणि बाजारातली हिंदी यापलीकडे काही येत नव्हतं, तरी तिला तेवढं कळलं. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "मल्याळम नही शे. मंग तुना बाप खोटं का बरं बोलना?"

तुम्ही खोकला घेऊन कायमचे परत आलात. तिने विचारलं नाही. तुमची बॅग मात्र तिने स्वतः रिकामी केली, एकेक कपडा उलटा करून. तुम्ही आणलेली अत्तराची बाटली तिने उघडली नाही; ही पुरुषाची निवड नाही, एवढंच मला म्हणाली. तुम्ही पलंगावर पडून छताकडे बघत असलात की ती दारातून तुमच्याकडे बघत राहायची. हळूहळू मीही तशीच बघू लागले.

आता मी धुळ्याला आरोग्याच्या ऑफिसात आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मिशन दवाखान्यातल्या दोन सिस्टर लस न्यायला येतात. एक केरळच्या, दुसऱ्या फिलिपाइन्सच्या, सेबू बेटावरच्या. त्यांची भाषा सेबुआनो. दोघींची सारखी थट्टा चालते. सेबूच्या म्हणतात, आमच्या दोघींच्या घरी नारळ, मासे आणि भात, तरी स्वयंपाकघरात एक शब्द जुळत नाही. मी तुबिग मागते, ही म्हणते वेळ्ळम. केरळच्या म्हणतात, "मराठीत पाणी मागितलं की दोघींना मिळतं." एकदा सेबूच्या सिस्टर फोनवर आपल्या भाषेत बोलल्या. तो घशात तुटणारा आवाज मी लगेच ओळखला.

गेल्या महिन्यात मी कॅसेट घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले. टेप लावला, दोघीही ऐकायला बसल्या. सेबूच्या सिस्टर सांगू लागल्या, "ही म्हणते, हिनाय-हिनाय. औषध हळूहळू पी. उठू नको. त्याने तोंड वाकडं केलं असेल, म्हणून हसते." म्हणजे तुम्ही तिथे आजारी होतात, आणि आम्हाला कळू द्यायचं नव्हतं. आमच्यासाठी बोलायला टेप लावला असेल, तो बंद करायचा राहिला असेल. मला क्षणभर हलकं वाटलं. मग मी विचारलं, परक्या देशातल्या आजाऱ्याशी नर्स आपल्या घरची भाषा बोलते का? सेबूच्या म्हणाल्या, "सहसा नाही. घरची भाषा घरच्यांशीच." केरळच्या सिस्टर म्हणाल्या, "मी बोलते. म्हाताऱ्यांना औषध पाजताना तोंडातून मेल्ले मेल्लेच निघतं, हळूहळू नाही." मला तुमचे शेवटचे दिवस आठवले. धुळ्याच्या दवाखान्यात केरळचीच एक नर्स तुम्हाला आपल्या भाषेत काही म्हणायची, आणि तुम्ही अहिराणीत "हा माय" म्हणायचात. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण नाना, त्या नर्सला तुम्ही तिच्या भाषेत उत्तर देत नव्हतात.

परवा जळगावला जाऊन आईला दवाखान्याचं सगळं सांगितलं. औषध, हळूहळू पी, उठू नको. तिने विळीवरून हात काढून ऐकून घेतलं आणि विचारलं, "बठ्ठं ऐकं ना?" मी म्हटलं, "हो, सगळं."

बठ्ठं ऐकलं नाही. ती बाजू अजून बरीच बाकी होती. सिस्टर पुढचं सांगू लागल्या तेव्हा बटण दाबून टेप मीच बंद केला होता.