फ्रीजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या

कॅरी, अमेरिका, मंगळवार, १४ मार्च २००६

मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. नातू चेक मुलीशी लग्न करतोय, करू दे. पण होणाऱ्या सासूसाठी फ्रीजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावून चेक घोकतोय! सूनबाईने खालचं इंग्रजी वाचून अर्थ सांगितले: 'मी जेवलंच पाहिजे', 'मला बूट काढावे लागतील'. सासूपुढे एवढी सक्ती? आणि मी विचारलं, "जेवलास का रे?" तर, "येस, आजी." जन्मभर येसच! माझ्यासाठी काहीच करावं लागत नाही? का मीच लाडावून ठेवला?

आज माझीही पिवळी चिठ्ठी लावून घेतली: 'आजीशी मराठीतच बोललं पाहिजे.' मराठी वाचता त्यालाही येत नाही, मलाही नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "आजी, काय लिहिलंय?"

मराठीत! मुळीच सांगणार नाही. विचारू दे रोज.