एका माणसाचे कपडे

अण्णा, आज मी पुन्हा तीच चूक केली, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. कपडे धुवायची मशीन बरेच दिवस आवाज करते आहे. पाणी घेताना शांत, कपडे घुसळतानाही शांत. पिळायला लागली की धाडधाड करत बाथरूमच्या दारापर्यंत सरकत येते. तुम्ही दिलेला स्क्रूड्रायव्हर मी तिच्या पाठीला टेकवला, त्याची मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकला आणि मेकॅनिकला फोनवर बजावलं की बेअरिंग गेलं आहे, येताना घेऊनच या. पुण्याहून मुलगा म्हणाला, ती विकून लहान घे, तुला एकटीला एवढी मोठी कशाला? आधी बिघाड कळू दे, मी म्हटलं. खरं तर बिघाड निघावा, दुरुस्त होण्यासारखा निघावा, एवढंच मला हवं होतं.

भोकरदनची आपली गिरणी आठवते. बाजाराचा दिवस आहे, दळणाच्या डब्यांची रांग दारापर्यंत गेली आहे आणि चाकाजवळून ठकठक आवाज येतो आहे. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. सगळ्यांदेखत सांगून टाकते, बेअरिंग गेलं. तुम्ही मोटार बंद करता, पट्टा उतरवता आणि चाक हाताने फिरवता. चाक मुकाट फिरतं. पट्ट्याचा जोड उसवलेला असतो, तोच दर फेऱ्याला आपटत असतो. “कॉलेजात कान काढून ठिवायला लावतेत का माय?” तुम्ही विचारता, आणि रांगेतल्या बायका पदराआड हसतात. “आधी वरचं उतरव. मंग आतलं बोल.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजला परत निघताना माझ्या पिशवीत हा स्क्रूड्रायव्हर होता.

मेकॅनिक सकाळी आला, बेअरिंग न आणता. मी त्याला ते सुनावलं. त्याने ऐकून घेतलं, आतले माझे कपडे बाहेर काढले, एक साडी, दोन परकर, एक चादर, आणि रिकामा ड्रम हाताने फिरवला. ड्रम मुकाट फिरला. तो बोलायच्या आधीच मला कळलं होतं.

“मशीन बिलकुल बराबर आहे मॅडम. कपडेच कमी पडून राह्यले. एवढ्या मोठ्या ड्रममदी एक चादर, ती एका अंगाला गोळा होती आन् आपटती.”

मग हात पुसत त्याने घरात माणसं किती ते विचारलं. मी चार म्हटलं. त्याने दोरीवरच्या कालच्या एकुलत्या साडीकडे पाहिलं. “मंग सगळ्यांचे मिळून टाकत जा,” म्हणाला आणि गेला.

तेव्हा दुरुस्ती नाही. विकणारही नाही. तो गेल्यावर मी कपाट उघडलं. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण शर्ट आहेत. मुलीचे जुने ड्रेस आहेत, मुलाच्या दोन पँट आहेत. सगळे धुतलेले, घडी घातलेले. ते माझ्या कपड्यांबरोबर टाकले. मशीन जागची हलली नाही. भरलेली दोरी बघून शेजारणीने विचारलं, पाहुणे आले का? मी हो म्हटलं. तीस वर्षं वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना उभं करत आले, आणि आज दुपारच्या आत दोनदा खोटं बोलले.

तुम्ही असता तर काही विचारलं नसतं. दाराबाहेर उभं राहून, नुसत्या आवाजावरून, घरात माणसं किती ते तुम्ही ओळखलं असतं.

हा कागद शर्टांखाली ठेवावा म्हणते. पण शर्ट अजून दोरीवरच आहेत. वाळलेत केव्हाच. मीच काढलेले नाहीत.