तेलातलं भिंग

प्रिय चंदे,

प्रिय लिहायला हात वळत नव्हता, पण पत्रात पहिलं तेच असतं असं राजनंदिनी म्हणाली. नात माझीच असली तरी अकरावीला आहे, ऐकावं लागतं. फोन तू उचलत न्हाईस. तीनदा लावला. चौथ्यांदा लावणारी बाई मी न्हाई, म्हणून चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं कामाला लावली.

तू साखऱ्याला लेकीकडं गेलीस त्याला बावीस दिवस झाले. इकडं सोयाबीन घरात आलं. तुझी काळी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही पोरी तुझ्यासारख्या हट्टी, पाजायला धरावं तर उलट्या पळतात. आपली वाकळ अर्धीच पडली आहे. तुझ्या कडेनं तू, माझ्या कडेनं मी, असं शिवत मधात भेटायचं होतं. एकटी बसले तर टाके तिरपे जाऊन राहिले. तुझे टाके बोटभर लांब असतात, पण सरळ असतात, हे कबूल करते.

भिंग सापडलं.

मालक गेल्यावर त्यांच्या चष्म्याची तेवढीच एक काच उरली होती. ती डोळ्याशी धरून आपण सुईत दोरा ओवायचो, एकदा तू, एकदा मी. त्या दिवशी ते दिसेना. मी पेटी पाहिली, धान्याचे डबे पाहिले, चुलीतली राख चाळली. करडीच्या तेलाची बरणीसुद्धा पाहिली. काचेची बरणी, सोन्यासारखं तेल, पार तळ दिसत होता. आत काही नव्हतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून मी ठाम. मग बचत गटाच्या बैठकीत, मारुतीच्या पारावर, अकरा बायांपुढं बोलले की भिंगाला हात लावणाऱ्या दोघीच, आणि माझ्याकडं तर ते न्हाई. तू कमरेची चंची पारावर उलटी केलीस. सुपारी पडली, अडकित्ता पडला, आणि संक्रांतीला सोडली म्हणून शपथ घेतलेली तंबाखू पडली. तंबाखूला सगळ्या हसल्या. मीपण हसले. तू चंची भरलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळची जीप धरलीस.

परवा राजनंदिनी चकलीसाठी कढईत तेल ओतत होती. बरणी आडवी केली आणि तळातून भिंग घसरत आलं, कढईत टण्ण वाजलं. बरणी उघडी ठेवायची सवय माझी, वरच्या फळीवर भिंग ठेवायची सवयही माझीच. मी घाबरले, कारण त्याच बरणीत मी डोळे घालून पाहिलं होतं. पोरगी मात्र नाचायला लागली. तिनं भिंग तांब्यातल्या पाण्यात टाकलं, दिसलं. तेलात सोडलं, गेलं. नीट टक लावली तर कड केसाएवढी कळते, एरवी काही न्हाई. म्हणे, उजेड एका वस्तूतून दुसरीत शिरताना वाकतो, थोडा मागं फिरतो, आणि त्या वाकण्यानंच काच आपल्याला दिसते. तेलात आणि काचेत त्याची चाल जवळजवळ बराबर. मग तो वाकणार काहून? सरळ निघून जातो. मी म्हटलं, कळलं. डांबरी सोडून जीप चिखलात शिरली की मान हलते, चिखलातून चिखलात गेली तर झोपलेल्याला जागसुद्धा येत न्हाई. ती म्हणाली, आज्जे, तू कॉलेजात चल. मी म्हटलं, तुझ्या सरांना तकलीफ होईल.

काल बैठक होती. बरणी, तांब्या आणि भिंग घेऊन मी पारावर बसले. आधी सगळ्यांना बरणी दाखवली आणि विचारलं, आत काय आहे? तेल, म्हणाल्या. मग पळीनं भिंग वर काढलं. बेबीबाईनं तर हात जोडले. लखमा म्हणाली, या बाईला निवडणुकीत उभी करा, दिसत्या गोष्टी गायब करते. सगळ्यांना स्वतः करून पाहायचं होतं. तेलाचे ओघळ थेट मारुतीच्या पायरीपर्यंत गेले, पुजारी ओरडला, त्याला पण दाखवलं, मग तोही रांगेत. चंदे, इतकं हसलो आम्ही, तू पाहिजे होतीस. हसून झाल्यावर मी त्याच जागी उभी राहिले आणि सांगितलं की चंदाबाईनं काही नेलं नव्हतं, माझे डोळे फसले आणि तोंड त्यांच्या पुढं धावलं. तशी लखमाच बोलली, हे आमाला काहून सांगतीस, जिला सांगायचं ती साखऱ्याला आहे.

म्हणून गुरुवारी सेनगावला उतरून तिथून साखऱ्याची जीप धरते. वाकळ आणि दोन सुया सोबत आहेत. तुझ्यापुढं उभी राहिले की तोंडातून भलतंच निघेल, ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. म्हणून बुधवारच्या जीपवाल्याजवळ हे पाठवते, म्हणजे माझ्या आधी पोचेल. मी चुकले. दोनच शब्द आहेत, पण लिहायला अर्धी दुपार लागली. ते वाचले असं समजून दार उघड, चहा ठेव, आणि त्यावर एक अक्षर बोलू नको, न्हाईतर मी भांडेन.

तुझीच, गुरुवारी दारात येणारी
कौशल्या