मामा, उताराला न्यूटल मारायचं नसतं!

प्रिय मामा,
जय भीम.

पत्रात आधी खुशाली विचारायची असते. तुमची काय विचारू? म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आज सोसायटीच्या गोदामात, भरल्या बैठकीत, सगळ्या गावासमोर मी तुमची चूक सांगितली. तुम्ही कसे गेलात ते खरंखरं सांगितलं. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी ते माझ्याकडून तुम्हाला कळावं, म्हणून हे पत्र. ते पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

तुम्ही गेल्यापासून गावानं एकच गोष्ट धरून ठेवली होती, की ब्रेक फेल झाले. पारावर, गिरणीत, दुष्काळाची सुकडी वाटतात त्या रांगेत, जिथं जावं तिथं तेच. "डायव्हर सोन्यासारखा व्हता, ब्रेकनंच दगा दिला." ऐकायला बरं वाटायचं. मामीला वाटायचं, माझ्या आईला आपल्या भावाचं कौतुक म्हणून वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

पण त्या बरं वाटण्यानं काय झालं माहीत आहे? ट्रॅक्टर अपशकुनी ठरला! आपला बुटका, सोसायटीनं एवढ्या हौसेनं आणलेला, वस्तीला पाणी पोचवणारा तो छोटा ट्रॅक्टर, दुरुस्त होऊन आला आणि गोदामात कुलुपात जाऊन पडला. पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली. त्यात कुणीतरी टूम काढली, की खिंड बळी मागते, तुमच्या नावानं तिथं बकरं कापल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर काढायचा नाही. तुमच्या नावानं बकरं! ज्या माणसानं दीक्षा घेतल्यापासून कुठल्या देवापुढं साधा नारळ फोडला नाही, त्याच्या नावानं! हसावं की रडावं तेच मला कळेना.

आणि खिंडीपलीकडच्या वस्तीचं काय? तुम्हाला काय सांगायचं, तुमचं घरच तिथं. विहिरींच्या तळाचा चिखलसुद्धा वाळून भेगाळला आहे. बैल चारा-छावणीत, त्यामुळे गाड्या उभ्या. बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतात आणि संध्याकाळी डोक्यावर हंडे घेऊन खिंड चढतात, उतरतात. मामीसुद्धा. परवा पाय घसरून तिचा भरलेला हंडा गेला. ती पाण्याकडं बघत तशीच बसून राहिली. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "मला नगं उचलू. ट्रॅक्टर उचल."

त्या दिवशी माझं ठरलं.

मामा, तुम्हीच शिकवलंत ना मला? पहिल्या दिवशी स्टेअरिंगला हात लावू दिला नाहीत. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभं केलंत आणि जोडाच्या पिनेवर बोट ठेवून म्हणालात, "हे बग. सपाटीला ट्रॅक्टर ट्रॉलीला वढतो. उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलती. बुटका हलका हाय, मागं पाण्यानं भरलेली टिपाडं हायत. कोण कुणाला आवरंल?" मी म्हणालो, ब्रेक आहे की. तुम्ही कपाळाला हात लावलात!

मग तुमचा नियम सांगितलात. खिंडीच्या माथ्यावर पुरतं थांबायचं. ज्या गिअरात चढलो तोच खालचा गिअर टाकायचा आणि मगच उताराला लागायचं. एकदा लागलं की गिअरला हात नाही आणि क्लचला पाय नाही. "क्लच दाबलास की न्यूटलच झालं म्हण. उताराला इंजन बोलाय पायजे. ते बोलतंय तवर ट्रॅक्टर तुजा. गप झालं की ट्रॉलीचा!"

मला ते इतकं पाठ झालं होतं, की आई एकदा म्हणाली, हा झोपेत गिअर बडबडतो.

आणि माथ्यावर तुमची ती आरोळी! "उतरा रं समदे! पाण्याला पाय न्हायत, तुमाला हायत!" ट्रॉलीवर बसलेले, मडगार्डवर टेकलेले, सगळ्यांना तुम्ही खाली उतरवायचात आणि एकटेच पुढं जायचात. आम्ही ओढ्याच्या अंगानं पायवाट धरायचो. माथ्याखाली थोडं गेलं की इंजिनाचा आवाज बंद व्हायचा. मला वाटायचं, मधे डोंगराची सोंड आहे, ती आवाज खाते. एवढी वर्षं मी डोंगराला दोष देत होतो!

त्या दिवशीही आवाज तसाच बंद झाला. नंतर जो आवाज आला तो लिहिण्याजोगा नाही. मी धावत आडवा उतरलो. ट्रॉलीनं वळणावर ट्रॅक्टरला मागून रेटून आडवं घातलं होतं. टिपाडं गडगडत पार वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत गेली होती. तुम्ही ट्रॅक्टरखाली होतात. माणसं तुम्हाला काढत असताना माझा हात गिअरच्या दांडीला लागला. ती सैल हलली. न्यूटल. कुठल्याच गिअरात नव्हती.

ब्रेक चांगले होते, मामा. उस्मानाबादच्या मिस्त्रीनं उघडून बघितले, जळून काळे पडले होते पण तुटले नव्हते. डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन्ही पेडल खटक्यानं एकत्र जोडलेली होती, म्हणजे तीही काळजी तुम्ही घेतली होती. पण अख्खी भरलेली ट्रॉली मागून रेटत असताना नुसते ब्रेक बिचारे काय करतील? हे मला कुणी शिकवलं होतं?

का केलंत असं? मी किती रागावलो तुमच्यावर, सांगता सोय नाही. मयतीच्या दिवशी लोक रडत होते आणि मी दात खाऊन उभा होतो. आई म्हणाली, पोरगं दगड झालं. दगड कसला, भांडायचं होतं मला तुमच्याशी!

मग तुमच्या खाटेखाली तो डबा सापडला. डिझेलचा. सोसायटी आठवड्याचं डिझेल मोजून देते. तुम्ही उताराला न्यूटल मारून थेंब थेंब वाचवत होतात, आणि डबा भरला की वस्तीला एक जास्तीची खेप करत होतात. आम्हाला वाटायचं, मामाचा हात हलका, मामाला डिझेल कमी लागतं. सेक्रेटरी तर बाकीच्यांना तुमचं उदाहरण द्यायचे. एकदा खपलं, दहादा खपलं, मग दर खेपेला खपेल असं वाटायला लागलं असेल तुम्हाला. सवय मोठी लबाड असते.

आणि आम्हाला माथ्यावर उतरवायचात ते आमच्या जिवासाठी, की आम्हाला न्यूटल दिसू नये म्हणून? खरं सांगा. मला वाटतं, दोन्हीसाठी. म्हणजे धोका तुम्हाला पुरता कळत होता. याचाच जास्त राग येतो, मामा.

काल मामीकडं गेलो. म्हणालो, मामी, उद्या मी बैठकीत खरं सांगणार. ती भाकरी थापत होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, थापता थापता चिरते. हात थांबवून म्हणाली, "कशाला रं? आपल्या माणसाच्या हातात पयल्यांदा गावाचं स्टेरिंग आलं. ज्या विहिरीवर आमाला चढू देत न्हवते, त्या विहिरीचं पाणी तेनी घरोघर पोचवलं. आता म्हंतील, बगा, ह्यांच्या हातात दिलं की आसं व्हतं."

तिची भीती खोटी नव्हती. मी एवढंच म्हणालो, ब्रेक फेल झाला म्हटलं तर ट्रॅक्टर कुलुपात राहतो. न्यूटल म्हटलं तर बाहेर येऊ शकतो, कारण न्यूटल न मारणं आपल्या हातात आहे. "भाकर खाऊन जा," एवढंच म्हणाली.

आज चेअरमन ट्रॅक्टर विकायचा ठराव वाचायला लागले आणि मी उठलो. सगळं सांगितलं. गिअरची दांडी, मिस्त्रीचं म्हणणं, डिझेलचा डबा. मागून एका पाटलांनी घसा खाकरला. "म्हंजे आमी पयल्यापासनं म्हणत व्हतो तेच झालं की. स्टेरिंग कुणाच्या बी हातात दिलं की..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. पुरं करायची गरज कुठं होती?

माझं डोकं फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला. मामी! कामावरून तशीच आलेली, अंगभर खडीची धूळ.

"व्हय, न्यूटल मारायचे," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. खिंडीत आवाज बंद झाला की म्या चुलीवर च्या ठिवायची. च्या उकळूस्तवर तेनी दारात. मला वाटायचं, किती गुमान येतेत, कुणाची झोपमोड नगं म्हणून. त्या दिवशी बी म्या च्या ठिवला व्हता."

पाटलांनी मान खाली घातली होती.

"चूक तेंची व्हती. लई मोठी व्हती. पर वाचवल्याल्या डिझेलची खेप कोण पीत व्हतं, पाटील? तुमची लेक बी आमच्याच वस्तीवर नांदती. तिच्या पोराला इचारा, जास्तीचं पाणी कुणी आणलं." मग चेअरमनकडं वळून म्हणाली, "खिंडीला बकरं नगं. आन आमच्या माणसाच्या नावानं तर न्हायच. त्या बुटक्याला हात-पाय हायत का आपल्या मनानं गडगडाय? तेला गिअरात ठिवणारा माणूस द्या. हा द्या."

आणि माझ्याकडं बोट केलं.

चेअरमन चष्मा पुसत म्हणाले, "उद्या सकाळी एक खेप कर. समदं गाव खिंडीत हुबं राहून बघंल. नीट उतरलास तर ट्रॅक्टर चालू, न्हायतर विकला." मी अजून एक मागितलं. म्हटलं, ट्रॉली पूर्वीइतकी भरणार नाही, आणि त्यापायी लागेल ते जास्तीचं डिझेल सोसायटीनं उघड उघड द्यायचं. चोरून वाचवायची पाळी पुन्हा कुणा ड्रायव्हरवर यायला नको. ते कुरकुरले. पण देतो म्हणाले.

दिवेलागण झाली आहे आणि मी ट्रॅक्टरपाशी बसून हे लिहितो आहे. काळी बाहुली काढून टाकली. ट्रॉलीची पिन नवी घातली आणि तिच्याबरोबर जाड साखळी, पिन गेलीच तर ट्रॉली मोकळी सुटू नये म्हणून. टिपाडं कमी केली आहेत, पण जी आहेत ती काठोकाठ भरणार. अर्धं टिपाड वळणावर हिंदकळतं आणि सगळा भार एका अंगाला टाकतं. सगळी दोरखंडानं आवळून बांधणार. चढताना दोघं जण चाकामागं घालायचे लाकडाचे ठोकळे घेऊन मागून चालतील, पण चाकाच्या रेषेत नाही, कडेनं. ट्रॉलीवर कुणी बसणार नाही. माथ्यावर तुमचीच आरोळी देणार आहे, शब्दही तेच. ती आरोळी चांगली होती, मामा. ती मी सोडणार नाही.

तुमचं बाकी सगळं घेतलं. एवढं एक घेणार नाही.

मला भीती वाटते का? वाटते की! त्या वळणावरून बुटका घेऊन जायचं म्हणजे तुमच्या अंगावरून गेल्यासारखं आहे. पण आज बैठकीत उभं राहायला जेवढी भीती वाटली, तेवढी नाही. ती गेली, तशी हीही जाईल.

बैठकीतून निघताना मामी जवळ आली. माझ्या सदऱ्याची धूळ झटकली. स्वतः धुळीनं पांढरी झालेली, आणि माझी झटकत होती! म्हणाली, "उद्या म्या खिंडीत येणार न्हाय. मला बगायचं न्हाय, ऐकायचं हाय. चुलीपाशी कान लावून बसते. आवाज माथ्यापासनं दारापतूर तुटला न्हाय, तरच च्या ठिवंन."

म्हणून हे वचन, मामा. उद्या आणि त्यानंतर दर खेपेला, माथ्यावर गिअर टाकल्यापासून मामीच्या दारापर्यंत इंजिन एक क्षणसुद्धा गप होणार नाही. कुणाची झोपमोड झाली तर होऊ दे. अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा गुरगुरत, सावकाश, बोलत बोलत उतरेन. आणि तुमच्या घरी चहा ठेवला जाईल तो आवाज ऐकून.

उतारावर बोलत येणारा,
तुमचा भाचा
गौतम