भुरीची फळी

नामचॉन,
२ सप्टेंबर १९८६

चि. यॉन-जा हिला आईचे आशीर्वाद, जावईबापूंनाही.

आम्ही ठीक आहोत. मिरच्या वाळत घातल्या आहेत, भोपळ्याच्या वेलाने छप्पर व्यापलंय आणि तुझ्या बाबांना कोंबडीचं वेड लागलंय. हसू नकोस, खरंच सांगते.

आपल्या भुरीला ते महिनाभर स्वतःच्या हाताने जव भरवतायत. ती इतकी फुगली की तिला खुराड्याच्या दारापर्यंत उडी मारता येईना. रानमांजराच्या भीतीने ते उंचावर बांधलेलं, तुला माहीतच आहे. मग रोज संध्याकाळी बाबा तिला कडेवर घेऊन आत ठेवणार! शेवटी म्हणाले, "हिला चढायला फळी करतो."

सुताराने मनावर घेतल्यावर काय विचारतेस! रंधा मारमारून फळी गुळगुळीत केली, वर लाकडी ओसरीला चोळतात ते तेल चोळलं. आयुष्यभर लोकांच्या ओसऱ्या घातलेला हात तो. भुरीने पाय ठेवला आणि घसरत थेट खाली. मी पोट धरधरून हसले.

"कोंबडीच बिनडोक आहे," बाबा म्हणाले.

"बिनडोक कशी? तिला वाटलं ओसरीच आहे. ओसरीवर चढली की मी झाडू घेऊन धावते ना!"

दुसऱ्या दिवशी चांगला सदरा घालून निघाले. म्हणे, खिळे आणायला. खिळे कोपऱ्यावरही मिळतात. परतले दिवेलागणीला, अंगाला मासळीचा वास. आल्या आल्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकायला बसले.

"हे कुठे पाहिलंत?"

"बोटीवर चढायच्या फळीला असतात. ओल्या पायांनीही माणूस घसरत नाही."

"मोक्पोच्या धक्क्यावर गेला होतात?"

त्यांनी आणखी एक खिळा ठोकला. मग खाली मान घालूनच म्हणाले, "डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन चढतो तो. पाय जराही हलत नाही."

पोरी, 'तो' कोण, हे मी विचारलं नाही. चुलीपाशी जाऊन डोळे पुसले.

मागच्या चुसॉकच्या सणाचं मी काढणार नव्हते. पण गावातली प्रत्येक सासू जावयासाठी अंडी देणारी कोंबडीसुद्धा कापते, आणि बोटीवरचा जावई नको म्हणून तुझ्या बाबांनी मला सुरीला हात लावू दिला नाही. जावईबापू मुळ्याच्या लोणच्याशी भात खाऊन "पोट भरलं, आई" म्हणत उठले. ते अजून माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर तुम्ही आला नाहीत, आणि बरोबरच केलंत.

आता कळलं ना, भुरी कोणासाठी पोसली जातेय? ती बिचारी तोऱ्यात फळीवरून वरखाली करतेय.

एक पट्टी मात्र राहिलीय, सगळ्यात वरची, दारापाशी. मी म्हटलं, "विसरलात."

"विसरलो नाही. ती त्याने येऊन ठोकायची. बरोबर झालीय की नाही, ते बोटवाल्यालाच कळणार."

हातोडी खुराड्यावर ठेवलीय. झाडताना मी ती उचलली, तर केवढ्यांदा ओरडले!

या चुसॉकला दोघंही या.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई

ता. क. बाबा मागून सांगतायत, खिळे भरपूर आहेत, त्याला घाई करू नको म्हणावं, दोन-चार दिवस राहायचं.